जुनी स्पोर्ट्स कार घेताय? आधी पॅडलमागचा गिअरबॉक्स ओळखा

‘पॅडल शिफ्ट, सनरूफ, सिंगल ओनर, एमएच ०४ पासिंग, सिरियस लोकांनीच फोन करावा.’ जुन्या गाड्यांच्या जाहिरातींत पॅडल हल्ली सनरूफच्या पंक्तीला जाऊन बसलंय. वास्तविक स्टिअरिंगमागच्या त्या दोन पट्ट्या म्हणजे निव्वळ स्विच. डावी ओढली की खालचा गिअर, उजवी ओढली की वरचा. हा स्विच पुढे कोणत्या यंत्राला हुकूम सोडतो, ते जाहिरातीत नसतं आणि बऱ्याचदा विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. पैसे मात्र तुम्ही त्या यंत्राचे मोजणार असता.

म्हणून ‘मॅन्युअल घेऊ की पॅडलवाली?’ असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, पॅडलवाली म्हणजे कुठली? फोर्ड मस्टँग जीटीला पॅडल आहेत, फोक्सवॅगन पोलो जीटीआयला आहेत, फेरारी एफ४३० ला आहेत आणि होंडा सिटी सीव्हीटीलाही आहेत. या चार गाड्यांच्या पोटात चार पूर्ण वेगळे गिअरबॉक्स आहेत. त्यांचे आजार वेगळे, बिलं वेगळी, आणि घोडबंदर रोडवर टिकण्याची ताकदही वेगळी.

घसरणार कोण?

इंजिन मिनिटाला सातशे-आठशे फेऱ्यांच्या फार खाली गेलं की बंद पडतं. चाकांना मात्र शून्यावर यावंच लागतं, आणि संध्याकाळी सात वाजता कापूरबावडीला तर दर दहा फुटांवर यावं लागतं. म्हणजे फिरतं इंजिन आणि थांबलेली चाकं यांच्यामध्ये काहीतरी घसरत राहायला हवं. घसरलं की तापणार, तापलं की झिजणार. गिअरबॉक्सचे जितके प्रकार आहेत ते सगळे या एकाच अडचणीवरचे तोडगे आहेत. घसरणार कोण आणि त्याची उष्णता जाणार कुठे, एवढे दोन प्रश्न विचारले की निम्मा गिअरबॉक्स समजला.

मॅन्युअलमध्ये क्लच प्लेट घसरते, आणि किती घसरायचं ते तुमचा डावा पाय ठरवतो. हाफ क्लचवर गाडी ताटकळत ठेवण्याची सवय असलेला माणूस नवी प्लेट थोड्याच दिवसांत जाळू शकतो. नीट चालवणाऱ्याला तीच प्लेट वर्षानुवर्षं पुरते. म्हणजे जुनी मॅन्युअल गाडी घेताना तुम्ही आधीच्या मालकाचा डावा पायही विकत घेत असता.

टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिकमध्ये घसरतं ते तेल. एका बंद डब्यात समोरासमोर दोन चक्रं असतात. एक इंजिनाला जोडलेलं, दुसरं गिअरबॉक्सला. पहिलं चक्र तेल फेकतं, त्या माऱ्यानं दुसरं फिरतं. गाडी थांबली की दुसरं थांबतं, पहिलं फिरत राहतं, आणि मधल्या तेलाला तापण्यापलीकडे काही होत नाही. ते तेल कूलरमधून जाऊन थंड होऊन परत येतं. गाडीनं वेग धरला की लॉकअप क्लच दोन्ही चक्रांना एकमेकांशी बांधून टाकतो, म्हणजे पेट्रोल वाया जात नाही. ट्रॅफिकमध्ये सरपटताना यात झिजण्यासारखं फारसं काही नाही. २०१६ पासून भारतात आलेली मस्टँग जीटी, निस्सान ३७०झीची सात गिअरची ऑटोमॅटिक, बीएमडब्ल्यूच्या अलीकडच्या गाड्यांमधला झेडएफ या कंपनीचा आठ गिअरचा बॉक्स, हे सगळे याच घराण्यातले. पूर्वी या प्रकाराला सुस्त म्हणून नाकं मुरडली जायची. झेडएफच्या आठ गिअरनं ती तक्रार बहुतेक मिटवली.

होंडा सिटीतल्या सीव्हीटीबद्दल एवढंच, की तिथे खरे गिअर नसतातच, बेल्टवर चालणारी यंत्रणा असते. पॅडल ओढल्यावर कॉम्प्युटर त्या बेल्टचं गुणोत्तर ठरावीक पायऱ्यांवर थांबवतो. स्पोर्ट्स कारच्या चर्चेत तिला इथेच सोडू.

फेरारी आणि सेलेरिओ

पॅडलचा जन्म फॉर्म्युला वनमधला. १९८९ च्या मोसमात फेरारीनं ६४० ही गाडी स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांसह उतरवली. पहिलीच शर्यत रिओची, ब्राझिलियन ग्रां प्री. गाडी इतकी बेभरवशाची होती की ती शेवटपर्यंत टिकेल असं खुद्द फेरारीच्या गोटातही फारसं कुणाला वाटत नव्हतं, आणि नायजेल मॅन्सेलनं ती शर्यत जिंकली. १९९७ मध्ये फेरारीनं हेच तंत्र एफ३५५ मध्ये, म्हणजे रस्त्यावरच्या गाडीत आणलं.

पण त्या गाडीत आत काय होतं? साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि साधा एकेरी क्लच. फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला तुमच्या हातापायांऐवजी हायड्रॉलिक यंत्रणा. पुढे ३६०, एफ४३०, लॅम्बोर्गिनी गॅलार्डोचा ई-गिअर, पहिल्या पिढीच्या ऑडी आर८ चा आर ट्रॉनिक, बीएमडब्ल्यूच्या ई६० एम५ चा एसएमजी, हे सगळे याच वाटेनं गेले. गंमत म्हणजे २०१४ साली मारुती सेलेरिओमध्ये आलेला एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल) तत्त्वानं याच कुळातला. फेरारीच्या त्या यंत्रणेतही मॅग्नेटी मारेल्लीचा हात होता आणि सेलेरिओचा एएमटीही त्याच कंपनीचा. सेलेरिओ गिअर बदलताना जी मान हलवते, तीच मान एफ३५५ हलवायची. तिथे मागून व्ही८ गात असल्यानं कुणी तक्रार केली नाही, एवढंच.

यातला कळीचा मुद्दा असा, की इथेही घसरते ती क्लच प्लेटच, पण आता तिच्यावर पाय तुमचा नाही. चढावर इंचाइंचानं सरकताना कसलेला ड्रायव्हर क्लच पटकन सोडून मोकळा होतो. ही यंत्रणा बिचकत बिचकत घसरवत बसते. सगळ्यात वाईट हाल रिव्हर्सला. आणि इथे आपल्या टॉवरांचं पोडियम पार्किंग आडवं येतं. घोडबंदरच्या कुठल्याही नव्या कॉम्प्लेक्समध्ये जा. तिसऱ्या-चौथ्या पोडियमवर चढणारा वळणदार रॅम्प, वरून दुसरी गाडी आली म्हणून मधेच थांबणं, मग थोडं मागे घेणं, पुन्हा चढणं. एकेरी क्लचच्या पॅडलवाल्या गाडीला रोजचा असा रॅम्प म्हणजे महामार्गावरच्या शेकडो किलोमीटरपेक्षा महागडा. अशी गाडी घ्यायची असेल तर तुमच्या बिल्डिंगचा रॅम्प गाडीपेक्षा आधी बघा.

या गाड्यांचा एक गुण मात्र मानायला हवा. क्लच किती शिल्लक आहे ते कॉम्प्युटरमधून काढता येतं. फेरारी, लॅम्बोर्गिनीच्या बाबतीत हा क्लच रिपोर्ट मागणं ही जगभरची रीत आहे. रिपोर्ट नसेल तर क्लच संपलाय असं धरून किंमत बोला.

दोन क्लचची गोष्ट

डबल क्लचमध्ये एकाच खोक्यात दोन गिअरबॉक्स कोंबलेले असतात. एका पोकळ दांड्याच्या आत दुसरा दांडा. एका दांड्यावर पहिला, तिसरा, पाचवा, सातवा हे गिअर, दुसऱ्यावर दुसरा, चौथा, सहावा. प्रत्येकाला स्वतंत्र क्लच. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हा चौथा आधीच टाकून तयार असतो. पॅडल ओढलं की एक क्लच सुटतो आणि त्याच क्षणी दुसरा धरतो, त्यामुळे चाकांकडची ओढ तुटतच नाही. पोर्शेनं हे १९८० च्या दशकात रेसिंगमध्ये वापरलं, फोक्सवॅगननं २००३ मध्ये गोल्फ आर३२ मधून रस्त्यावर आणलं, आणि फेरारी कॅलिफोर्नियापासून एकेरी क्लचचा जमाना फेरारीत मागे पडला.

आता आपल्या कामाचा फरक. हे दोन क्लच तेलात बुडालेले आहेत की कोरडे?

फोक्सवॅगन-स्कोडा घराण्यातला सहा गिअरचा डीक्यू२५० तेलातला. त्यात साडेसहा लिटरच्या आसपास तेल असतं, तेच क्लचही थंड ठेवतं. सात गिअरचा डीक्यू२०० कोरडा. त्यात जेमतेम १.७ लिटर गिअर ऑईल, आणि तेही गिअरांसाठी, क्लचसाठी नाही. कोरडा क्लच हलका, स्वस्त, पेट्रोल वाचवणारा. पण तापला की थंड व्हायला त्याला हवेशिवाय कुणी नाही, आणि मे महिन्यात तीन हात नाक्यावर ती हवा काय प्रतीची असते ते ठाणेकरांना सांगायला नको.

पोलो जीटीआय हे याचं उत्तम उदाहरण. २०१६ च्या अखेरीस भारतात आलेली ती तीन दारांची, १.८ लिटर टर्बो, १९२ पीएसची गाडी. परदेशात मॅन्युअलमध्ये तिला ३२० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाकं फिरवायची ताकद, मिळायचा. डीएसजीत, म्हणजे फोक्सवॅगनच्या डबल क्लच बॉक्समध्ये, तोच २५० वर आणून ठेवलेला, कारण कोरड्या डीक्यू२०० ची क्षमताच तेवढी. भारतात फक्त डीएसजी आली. म्हणजे कंपनीनं काठोकाठ भरून दिलेली गाडी. आता अशी गाडी ‘स्टेज वन रिमॅप केलीय, पिकअप बघा’ म्हणून, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं ट्यूनिंग बदलून ताकद वाढवलेली, कुणी दाखवली तर तुम्हाला त्या पिकअपचं कौतुक वाटायचं कारण नाही. क्लचच्या क्षमतेवर जास्तीचा टॉर्क ओतलेला आहे आणि त्याचं बिल तुमच्या नावावर फाटणार आहे. नवी मुंबईत पाम बीच रोडच्या सरळ पट्ट्यानं असे शौक बरेच पोसलेत. मूळ ट्यूनवर परत आणून विकलेली गाडी ओळखणं कठीण असतं, म्हणून प्रश्न थेट विचारायचा आणि उत्तर लेखी घ्यायचं.

स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस२३० मध्ये सहा गिअरचा तेलातला बॉक्स आहे. रोज वापरायची जुनी ‘वेगवान’ गाडी म्हणून ठाण्यात मला ती पटते. तेलातल्या बॉक्सला एकच पथ्य: दर साठ हजार किलोमीटरला तेल आणि फिल्टर. ते केल्याचं बिल दाखवा म्हणायचं. ‘सर्व्हिस टू सर्व्हिस केलीय’ हे बिल नव्हे.

पोर्शेचा डबल क्लच म्हणजे पीडीके, तोही तेलातला, आणि हा गिअरबॉक्स मला सगळ्या पॅडलवाल्यांत उजवा वाटतो. जुन्या ९११ किंवा केमनमध्ये पीडीके आहे म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एकदा ती गाडी घाटात चालवून बघावी.

मग मॅन्युअल कशासाठी?

वेगासाठी नाही, हे आधी मान्य करू. फेरारी ४३० स्कुडेरिया एकेरी क्लचवर ६० मिलिसेकंदांत गिअर बदलायची. माणसाचा हात त्याच्या जवळपासही जात नाही. तरी २०१३ ची ९११ जीटी३ फक्त पीडीकेमध्ये आली तेव्हा घेणाऱ्यांनी इतकी कुरकुर केली की २०१७ च्या सुधारित मॉडेलमध्ये पोर्शेला मॅन्युअल परत आणावा लागला. लोकांना हातात काम हवं होतं. परदेशातल्या जुन्या बाजारात मॅन्युअल फेरारी आज पॅडलवाल्या जुळ्या बहिणीपेक्षा महाग विकली जाते, तेही याच कारणानं. आपल्याकडे मात्र रोजच्या वापराच्या गाडीत गंगा उलटी वाहते. मुंबई-ठाण्याचं गिऱ्हाईक आधी ऑटोमॅटिक आहे का विचारतं.

शिवाय भारतात हा निवडीचा प्रश्न मुळातच थोड्या गाड्यांपुरता आहे. मस्टँग, ऑडी टीटी, पोलो जीटीआय, ऑक्टाव्हिया आरएस२३०, या इथे मॅन्युअलमध्ये आल्याच नाहीत. मॅन्युअलच हवी तर यादी आखूड: ३७०झी, सुरुवातीच्या काही आर८, २००० च्या दशकातली पहिली ऑक्टाव्हिया आरएस, फियाटची अबार्थ पुंटो, आणि अलीकडच्या बीएमडब्ल्यू एम२, फोक्सवॅगन व्हर्टस जीटी, ह्युंदाई आय२० एन लाईन.

मॅन्युअलचं बिल साधारण समजण्यासारखं असतं. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, कदाचित फ्लायव्हील. वागळे इस्टेट किंवा तुर्भे एमआयडीसीत हे काम नीट करणारा माणूस सापडतो. डबल क्लचचं मेकॅट्रॉनिक, म्हणजे त्याचा कॉम्प्युटर आणि हायड्रॉलिक एकत्र असलेलं खोकं, उघडणारा सापडला तरी भाग कधी येईल याचा भरवसा नाही. पण मॅन्युअललाही खाचखळगे आहेतच. ३७०झीमध्ये क्लच दाबणारा हायड्रॉलिक स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या आत, क्लचच्या मधोमध बसवलाय. तो गळला की गिअरबॉक्स खाली उतरवल्याशिवाय हात पोचत नाही. पायाखालचं क्लच पेडल खाली गेलं आणि वर आलंच नाही, अशी तक्रार या गाडीच्या जुन्या मालकांत नवी नाही.

दुसरा धोका लोकांच्या लक्षात येत नाही. घाईत पाचव्यातून चौथ्याऐवजी दुसरा पडला, तर चाकं इंजिनाला त्याच्या मर्यादेपलीकडे खेचत नेतात. रेव्ह लिमिटर तिथे काही करू शकत नाही, कारण तो फक्त इंधन तोडतो. पॅडलवाली गाडी असा हुकूम मानतच नाही. पोर्शेच्या कॉम्प्युटरमध्ये अशा ओव्हररेव्हची नोंद राहते, आणि जुनी मॅन्युअल ९११ घेताना ती वाचून घ्यायची असते. पीडीकेमध्ये ही काळजी जवळपास नाही. म्हणजे ‘मॅन्युअल म्हणजे बिनघोर’ हे अर्धंच खरं.

टेस्ट ड्राइव्ह कुठे आणि कशी

डीलर तुम्हाला सकाळी अकराला बोलावतो, गाडी आधीच सुरू करून ठेवतो आणि मोकळ्या सर्व्हिस रोडवर एक चक्कर मारून आणतो. या चकरेत काहीच कळत नाही. आमचा ओळखीचा मेकॅनिक कुठलीही पॅडलवाली गाडी बघायला नेली की एकच वाक्य म्हणतो, ‘साहेब, आधी तापवून आणा, मग बोलू.’

तर सुरुवात थंड गाडीनं करा. बॉनेटवर हात ठेवून बघा, गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी या. मॅन्युअल थंड असतानाच दुसरा गिअर टाकताना करकरते, कारण सिंक्रो, म्हणजे गिअर जुळवून घेणाऱ्या कड्या, झिजलेले असले की घट्ट तेलात ते लगेच उघडे पडतात. मग माजिवड्यापासून वाघबीळपर्यंत, शक्यतो संध्याकाळी, अर्धा-पाऊण तास रखडत जा. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ या उड्डाणपुलांचे चढ यासाठी देवानंच दिलेत. कोरडा डबल क्लच असेल तर गर्दीत ब्रेक हळूच सोडा आणि गाडीला पायानं काही न करता सरकू द्या. पहिल्या-दुसऱ्यात थरथर, खालून खडखड, किंवा दुसऱ्यातून पहिल्यात येताना मागून ढकलल्यासारखा धक्का, यातलं काहीही जाणवलं तर क्लच किंवा मेकॅट्रॉनिककडे बोट आहे. शेवटी गाडी पार्किंगच्या रॅम्पवर रिव्हर्समध्ये चढवा. मालक कुरकुरेल. कुरकुरू द्या, फक्त एकदाच चढवा.

टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाडीत पार्कमधून ड्राइव्हला आणि रिव्हर्सला टाकून बघा. गिअर धरायला सेकंद-दोन सेकंद लागत असतील तर पुढे जाऊ नका. चाळीस ते साठच्या वेगात हलक्या पायानं चालवताना रस्ता गुळगुळीत असूनही खरखर जाणवली, तर लॉकअप क्लच दुखतोय. ‘या गिअरबॉक्सचं तेल लाइफटाइम आहे’ असं ऐकवलं जाईल. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः आठ गिअरच्या बॉक्सचं तेल ८० हजार ते १.२ लाख किलोमीटरच्या दरम्यान बदला म्हणते.

मॅन्युअलला पूल उतरल्यावर चौथ्या गिअरात, पन्नासच्या आसपास, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा चढला आणि वेग चढला नाही, तर क्लच संपला.

यानंतर स्कॅन. डीएसजीवाल्या गाडीत क्लचचं तापमान, दोन्ही क्लचची झीज भरून काढायला कॉम्प्युटरनं केलेली जुळवणी आणि गिअरबॉक्सचे जुने एरर कोड वाचता येतात. एखाद्या एजंटानं कालच एरर पुसले असतील तर तेही बऱ्याचदा कळतं. हजार-दोन हजार खर्चून लाखाचा गिअरबॉक्स आतून बघायला मिळतोय, त्यात काटकसर करू नये.

पॅडल मी स्वतः कधी वापरतो म्हणाल, तर शहरात जवळजवळ नाहीच. नव्याची नवलाई ओसरली की बहुतेक मालकांची गाडी कायम ‘डी’मध्ये असते. पॅडलचं खरं काम एक्सप्रेसवेवर खंडाळ्याचा घाट उतरताना. तिथे साठची मर्यादा आहे, उतार मोठा आहे, आणि पुढच्या गाडीच्या ब्रेकचा जळका वास येतच असतो. डावी पट्टी दोनदा ओढून तिसऱ्यात आणली की इंजिन गाडी रोखून धरतं आणि ब्रेक थंड राहतात. वळणदार घाटात पट्टी स्टिअरिंगबरोबर फिरणारी आहे की कॉलमला पक्की बसवलेली, हाही फरक जाणवतो. ३७०झीसारखी पक्की पट्टी मला आवडते, स्टिअरिंग कितीही वळलं तरी ती जागच्या जागी सापडते.

तर रोज ठाण्याहून ऐरोली किंवा बीकेसीला जाणाऱ्यानं टॉर्क कन्व्हर्टर किंवा तेलातला डबल क्लच घ्यावा. वॉरंटीबाहेरचा कोरडा डबल क्लच मी फक्त क्लच किंवा मेकॅट्रॉनिक बदलल्याचं बिल असेल तरच घेईन. बदलल्यानंतर कॉम्प्युटरवर जुळवणी केली का, तेही त्या बिलात असायला हवं, नाहीतर नवा क्लचही धक्के देतो. एकेरी क्लचची पॅडलवाली फक्त हौसेसाठी, रॅम्प नसलेल्या पार्किंगमध्ये आणि एका क्लचचे पैसे बाजूला काढून. गाडी रविवारी पहाटेच बाहेर निघणार असेल, माळशेज किंवा लोणावळ्यापर्यंत जाऊन दहाच्या आत परत येणार असेल, तर मॅन्युअल घ्या. आत्ताच्या क्लचचं वय विचारा आणि सौद्याच्या आकड्यातून तेवढे पैसे कापून घ्या.